घरात हिंसा सोसलेल्या महिलांसाठी गावात कला-उपक्रम: कसा करावा, काय टाळावे?

खाडीकाठ (दापोली तालुका)

नमस्कार. दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालयाची चिटणीस म्हणून काम पाहते. आमच्या पंचक्रोशीत घरातील मारहाण, छळ आणि पैशाची अडवणूक सोसून अखेर माहेरी किंवा स्वतंत्र राहू लागलेल्या काही महिला आहेत. काही जणी अजूनही त्याच घरात नांदत आहेत. बचत गटाच्या बैठकीत, काजूच्या कारखान्यात, मासळी सुकवण्याच्या कामावर त्या एकमेकींना भेटतात, परंतु या विषयावर उघड बोलणे होत नाही. गाव निर्दय आहे असे मी म्हणणार नाही. कुणाच्या घरात पाणी शिरले, कुणाची होडी वेळेवर परतली नाही, तर सगळी वाडी धावते. मात्र नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की रात्री आरडाओरडा ऐकू आला तरी शेजारची माणसे आपले दार लावून घेतात.

वाचनालय आणि महिला ग्रामसंघ यांनी मिळून यावर काही करावे असे ठरत आहे. पहिली कल्पना अशी की, या महिलांनी आपल्या जुन्या साड्यांची एक मोठी गोधडी एकत्र बसून शिवावी, त्यावर प्रत्येकीने आपल्या अनुभवाची एखादी ओळ धाग्याने लिहावी आणि २५ नोव्हेंबरला, म्हणजे महिलांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनासाठीच्या आंतरराष्ट्रीय दिनी, शाळेच्या सभागृहात ती मांडावी. दुसरी कल्पना एका शिक्षकांनी सुचवली: शिमग्याला चाकरमानी गावात असतात, तेव्हा याच विषयावर छोटे नाटक करावे. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे की, यातून त्या महिलांना खरोखर आधार मिळतो का, आणि त्यांना त्रास होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी. गावातील पुरुषांना यात कसे आणावे, हाही माझा प्रश्न आहे.

सुरंगी (रत्नागिरी)

आपला हेतू मनापासून पटला. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे सर्वांत आधी सुरक्षिततेविषयी लिहिते.

मुंबई-पुण्यात एखाद्या दालनात हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे काम मांडले तर पाहणारा त्या स्त्रीला ओळखत नाही. १९९० साली अमेरिकेतील केप कॉड येथे अशाच अनुभवांचे ३१ टी-शर्ट दोरीवर वाळत घातल्यासारखे मांडले गेले आणि पुढे ती पद्धत अनेक देशांत पोहोचली. तेथे टी-शर्ट कुणी रंगवला हे न सांगता आपले म्हणणे मांडता येत होते. आपल्या वाडीत तशी आडोशाची सोय नाही. जांभळ्या काठाची ती साडी कुणाच्या लग्नातली, हिरवे पातळ कुणाच्या आईने ओटी भरताना दिले होते, हे वाडीतील प्रत्येक बाई लांबून सांगू शकते. म्हणजे नाव न लिहिताही गोधडीच्या प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिलेलेच असते. अक्षराचे वळण, बोलीतला एखादा ठरलेला शब्द, मुलाच्या आजारपणाचा उल्लेख, यांवरूनही ओळख पटते. जी अजून त्या घरात आहे तिला त्याच रात्री याची किंमत मोजावी लागू शकते, आणि जी बाहेर पडली आहे तिचा धोका संपलेला असतो असेही नाही. घर सोडण्याचा आणि त्यानंतर लगेचचा काळ हा अनेकदा सर्वाधिक धोक्याचा असतो.

म्हणून माझी स्पष्ट सूचना अशी की, २५ नोव्हेंबर ही तारीख तूर्त बाजूला ठेवावी आणि शिवण्याची बैठक सुरू करावी. प्रदर्शन होईल किंवा होणार नाही. ते त्या महिलांनी, पुष्कळ काळानंतर, स्वतः ठरवावे. या कामातील आधार मुख्यतः बैठकीत असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाह झालेल्या १८ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या केवळ १४ टक्के होत्या. तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी कुणाला काही सांगितलेच नव्हते. अशा बाईला समोर बसवून "काय झाले ते सांग" असे म्हटले की ती गप्प होते. तिच्या हातात सुई असली, नजर धावदोऱ्यावर असली आणि शेजारची बाईही खाली मान घालून शिवत असली, की बोलणे आपोआप येते, मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. नजर न भिडवता बोलण्याची ही मुभा मला फार मोलाची वाटते.

बैठक सर्व महिलांसाठी खुली असावी, "पीडित महिलांची बैठक" असे तिचे नाव कधीही नसावे. जिथे दहाजणी शिवायला येतात तिथे कुणाच्या घरात काय घडते हे येण्यावरून कळत नाही. विषय मारहाणीचा देऊ नये. आवडती जागा, आजीचे अंगण, स्वतःचे घर असते तर ते कसे असते, असे विषय पुरतात. ज्यांना दुःख शिवायचे असते त्या ते त्यातही शिवतात. कुणाच्या चित्राचा अर्थ लावून सांगू नये. काळा रंग वापरला म्हणून ती निराश आहे असे म्हणणारे उत्साही कार्यकर्ते मी पाहिले आहेत, आणि त्यानंतर ती बाई पुन्हा आलेली नाही. दाराजवळची जागा मोकळी ठेवावी, कुणाला उठून जावेसे वाटले तर कारण विचारू नये. मोबाइलवर छायाचित्रे काढू देऊ नयेत, कारण आपल्याकडे वाडीच्या व्हॉट्सॲप गटात पडलेले छायाचित्र पाच मिनिटांत मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळात पोहोचते. बोलता बोलता कुणी कोलमडली तर काय करायचे हे आधी ठरलेले असावे: तिच्यासोबत कोण बसेल, प्रशिक्षित समुपदेशकाला कोण फोन करील. शिवणाऱ्या मैत्रिणी समुपदेशकाची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्यांच्यावर ते ओझे टाकणे योग्यही नाही.

गावासमोर काही मांडायचेच असेल तर एक वेगळा मार्ग सुचवते. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ हे सगळे शतकानुशतके गायले गेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. आपल्या गावातील वृद्ध महिलांकडून त्यांना आठवतात त्या ओव्या लिहून घ्याव्यात आणि त्या कापडावर शिवाव्यात. ओवी सगळ्यांची असते. ती शिवणारीवर कुणी बोट ठेवू शकत नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळते.

वाशिष्ठी (चिपळूण)

सुरंगीताईंनी लिहिलेल्या प्रत्येक मुद्द्याशी सहमत आहे. मी वकील असल्याने कायद्याच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण अशा बैठकीत आज ना उद्या "मग मी आता करू काय?" हा प्रश्न येणारच, आणि त्या क्षणी उत्तर तयार हवे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक हिंसाही येते. काजूच्या कारखान्यातील मजुरी काढून घेणे, स्त्रीधन परत न देणे, घरखर्चाला पैसे न देणे ही आर्थिक हिंसाच आहे. संरक्षण केवळ पत्नीला नाही. त्याच घरात राहणारी आई, बहीण, विधवा भावजय यांनाही ते मिळते. तिला घटस्फोट मागावा लागत नाही. सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क, घर तिच्या नावावर नसले तरी, कलम १७ ने मान्य केला आहे. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो, साधारणतः तीन दिवसांत पहिली तारीख मिळावी आणि ६० दिवसांत निकाल लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, परंतु गरज असेल तेथे अंतरिम आदेश लवकर मागता येतो.

कोकणासाठी कलम २७ विशेष महत्त्वाचे आहे. लग्न होऊन नालासोपारा किंवा दिव्याला गेलेली मुलगी छळामुळे गावी परत येते, तेव्हा घरचे म्हणतात की आता खटल्यासाठी मुंबईला खेपा कोण घालणार. ती जिथे तात्पुरती राहत आहे तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो. म्हणजे माहेरच्या तालुक्यात. महिलेला मोफत विधी साहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. महिला मदतवाहिनी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक वाचनालयात सर्वांना दिसतील असे लावावेत, पण त्या महिलांच्या हातात चिठ्ठी देऊ नये. ती घरी सापडू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या 'सखी' केंद्रात वैद्यकीय, पोलिसी, कायदेशीर मदत आणि काही दिवसांचा निवारा मिळतो, परंतु दापोली-मंडणगडहून एसटीने रत्नागिरी गाठण्यात निम्मा दिवस जातो. त्या प्रवासाचे भाडे आणि सोबत यांची तजवीज गावाने करून ठेवली तर ते कोणत्याही प्रदर्शनाहून मोठे काम होईल.

दोन इशारे. कापडावर किंवा नाटकात नवऱ्याचे वा सासरचे नाव, आडनाव, घराची खूण येऊ देऊ नका. बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि चालू खटल्यात समोरचा वकील तेच कापड पुढे करतो. तसेच बैठकीला मुले येत असतील आणि एखाद्या मुलाने चित्रातून किंवा बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे "गुप्त ठेवू" असे वचन देऊ नका.

गावकीच्या बैठकीत नवऱ्याकडून "पुन्हा असे करणार नाही" असे कागदावर लिहून घेण्याची पद्धत अजून अनेक गावांत आहे. त्या कागदाला न्यायालयाच्या संरक्षण आदेशाचे बळ नसते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गावकीचा कागद मोडला तर पुन्हा बैठक होते. शेजाऱ्यांनाही सांगावे की, हिंसेची माहिती कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि ती सद्भावनेने दिली असेल तर माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम ४ सांगते. जिवाला धोका नसेल तर मात्र त्या बाईला विचारल्याशिवाय हे पाऊल उचलू नये.

पिंपळपार (कुडाळ)

पुरुषांना कसे आणावे, या प्रश्नाविषयी लिहितो, कारण मी नाटकवाला आहे आणि माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर रंगमंचाजवळ आहे.

स्त्री मुक्ती संघटनेने १९८० च्या दशकात मुलीच्या जन्मावरचे नाटक महाराष्ट्रभर नेले, ते नाट्यगृहापुरते न ठेवता वस्त्यांत आणि खेड्यांत केले. तो आपल्या भाषेतला मोठा आधार आहे. परंतु तुम्ही सांगता त्या परिस्थितीत मी ऑगस्तो बोआल यांची पद्धत सुचवीन. ब्राझीलच्या या रंगकर्मीने असे नाटक रचले की, अन्यायाचा प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकातील कुणीही "थांबा" म्हणून उठून एखाद्या पात्राच्या जागी उभे राहायचे व वेगळे वागून दाखवायचे. पश्चिम बंगालच्या खेड्यांत जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून या मार्गाने काम करत आली आहे.

आपल्या गावासाठी यात एक बदल मला अत्यावश्यक वाटतो. मार खाणाऱ्या बाईच्या जागी प्रेक्षकाला उभे करू नका. तसे केले की सगळे गाव तिला शहाणपण शिकवू लागते: तू असे बोलायला हवे होतेस, तू तेव्हाच निघून जायला हवे होतेस. प्रेक्षकाने शेजाऱ्याच्या, दिराच्या, पोलीस पाटलाच्या, मुंबईहून आलेल्या मित्राच्या जागी उभे राहावे. आरडाओरडा ऐकून दार लावून घेणारा शेजारी रंगमंचावर आहे; आता कोण उठून त्याच्या जागी येईल आणि काय करील? कुणी म्हणेल, मी काही निमित्त काढून दार ठोठावीन. कुणी म्हणेल, चार जणांना घेऊन जाईन. दुसरा विचारील, तो कोयता घेऊन आला तर? त्यावर वाद होतो, आणि त्या वादातूनच वाडी स्वतःची रीत ठरवते. बायकोला बदडण्याचा प्रसंग आपल्या लोकनाट्यात कधी कधी हशासाठी वापरला जातो. शिमग्यात नमन हे लोकनाट्य करणाऱ्या मंडळाशी आधीच बोलून तेवढा भाग वगळण्याची विनंती करा, नाहीतर एकाच रात्री एकीकडे नाटक आणि दुसरीकडे त्याच गोष्टीवर हशा असे होईल.

दुसरी गोष्ट चित्रकथीची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली ही कला आहे. चित्रांची पोथी एकेक पान वर धरून, वीणा, टाळ आणि हुडुका या छोट्या चर्मवाद्याच्या साथीने, कथा सांगितली जाते. परशुराम गंगावणे यांना या परंपरेच्या जतनासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या रीतीत सांगणारी व्यक्ती आणि कथेतली व्यक्ती निराळ्या असतात, आणि म्हणूनच ती या कामाला योग्य आहे. महिलांनी मिळून एक काल्पनिक बाई रचावी, तिचे गाव, तिचे घर, तिची शेजारीण ठरवावी आणि प्रत्येकीने एक पान रंगवावे. कुणाचे पान खरे आणि कुणाचे रचलेले हे कुणालाच कळत नाही. पिंगुळीच्या पारंपरिक पोथ्यांची नक्कल मात्र करू नये. त्या समाजातील कलाकाराला रीतसर मानधन देऊन बोलवावे आणि रेषा, रंग, कथनाची लय त्यांच्याकडून शिकावी.

गावाच्या सहभागासाठी आणखी एक उदाहरण. २००९ मध्ये मेक्सिकोतील स्यूदाद ह्वारेझ शहरात एका कलावतीने, जिच्या बहिणीचा जीव घरातील हिंसेत गेला होता, लोकांनी दिलेले ३३ लाल पादत्राणांचे जोड रस्त्यावर मांडले. येथे वस्तू देणारे समाजातील लोक आहेत, सोसणाऱ्या स्त्रीकडे काहीही मागितलेले नाही. तुमच्याकडेही कापड सगळ्या वाडीने द्यावे, पुरुषांनीही आपले जुने सदरे द्यावेत. सुरंगीताईंनी सांगितलेली ओळख पटण्याची अडचण त्याने बरीच दूर होईल.

बकुळ (सिंधुदुर्ग)

मी त्या घरातून बाहेर पडलेली बाई आहे. वर तज्ज्ञांनी लिहिलेले वाचले आणि दुसऱ्या बाजूने लिहावेसे वाटले.

मी शिवणाच्या गटात जाऊ लागले तेव्हा मला कलेची वगैरे काही ओढ नव्हती. नवऱ्याला चालेल असे ते एकच कारण होते, कारण शिवणातून पैसे येतील असे त्याला वाटत होते. गटातील एका वयस्क काकींनी माझ्या मनगटाकडे पाहिले आणि काही विचारले नाही, फक्त पुढच्या वेळी म्हणाल्या, "तुझे कागद असतील तर माझ्या ट्रंकेत ठेव." रेशनकार्डाची प्रत, मुलीचा जन्मदाखला, बँकेचे पुस्तक, दवाखान्याची चिठ्ठी, असे एकेक मी कापडाच्या गुंडाळीत घालून त्यांच्याकडे पोहोचवले. ज्या दिवशी घर सोडले त्या दिवशी माझ्या हातात मुलगी होती आणि कागद आधीच सुरक्षित होते. तारखांना माझ्याबरोबर गटातल्या दोघी आळीपाळीने आल्या. न्यायालयाच्या व्हरांड्यात समोर सासरचे सातआठ लोक उभे असताना आपल्या बाजूला एक माणूस असणे म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

माझ्या अनुभवातील एक कटू गोष्टही लिहिते. एका संस्थेने आमच्या कामाचे प्रदर्शन भरवले, पाहुणे आले, आणि माझी ओळख माझ्या नावाऐवजी "हिंसाग्रस्त महिला" अशी करून देण्यात आली. मला मंचावर बोलावून बोलण्याचा आग्रह झाला. मी बोलले, लोक रडले, टाळ्या वाजल्या. त्यानंतर बाजारात लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले ती पुसायला फार काळ गेला. आज मी वाकळी शिवून विकते, माझे गिऱ्हाईक माझ्या शिवणीची तारीफ करते, आणि मला ते पुरेसे आहे. म्हणून ताई, गोधडी विकली तर पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे, हे आधी विचारा. शिवलेला तुकडा तिला कधीही उसवून परत नेता आला पाहिजे, आणि तसा नेला म्हणून कुणी नाराज होता कामा नये. जी मागे त्याच घरात राहिली आहे तिला "तू अजून का राहतेस" असे चुकूनही विचारू नका. मी बाहेर पडण्याआधी दोनदा परत गेले होते. काकींनी दोन्ही वेळा मला पूर्वीसारखेच शेजारी बसवून घेतले, म्हणून तिसऱ्या वेळी मी निघू शकले.

खाडीकाठ (दापोली तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बकुळताई, तुमचे लिखाण मी ग्रामसंघाच्या अध्यक्षांना वाचून दाखवले आणि त्यानंतर आमची चर्चा गोधडीवरून ट्रंकेकडे वळली. वाचनालयात कुलूप असलेले एक कपाट आहे. त्याच्या किल्ल्या दोन महिलांकडे ठेवून कागदपत्रांसाठी ते वापरता येईल असे ठरत आहे. नोव्हेंबरचे प्रदर्शन रद्द केले आहे. भातकापणी आटोपली की आठवड्यातून एकदा दुपारी सर्व महिलांसाठी शिवणाची बैठक सुरू होईल, कापड संपूर्ण वाडीकडून गोळा करू आणि आरंभ वृद्ध महिलांच्या ओव्यांनी करू. प्रवासभाड्यासाठी मुंबई मंडळाकडे स्वतंत्र निधी मागणार आहोत. त्याचा हिशेब रकमेपुरता राहील, कुणासाठी खर्च झाला हे नोंदवहीत येणार नाही. वाशिष्ठी साहेब, अशी नोंद चालेल ना? आणि पिंपळपार, शिमग्याच्या नाटकासाठी आमच्याकडे शेजाऱ्याची भूमिका करायला दोन मच्छीमार तयार झाले आहेत, परंतु प्रेक्षकांतून एखादा दारू पिऊन उठला आणि नवऱ्याचीच बाजू घेऊ लागला तर सूत्रधाराने काय करावे?

वाशिष्ठी (चिपळूण)

ग्रामसंघाच्या ठरावात "महिला साहाय्य प्रवासनिधी" असा उद्देश लिहून घ्या आणि पावतीवर केवळ तारीख, मार्ग व रक्कम ठेवा. निधी हाताळणाऱ्या दोघींच्या सह्या प्रत्येक पावतीवर असाव्यात. हिशेब तपासणीच्या दृष्टीने अडचण येईल असे वाटत नाही. तरी ठरावाचा मसुदा येथे टाकलात तर पाहून देतो.

पिंपळपार (कुडाळ)

दारूच्या अंमलात असलेल्या माणसाला रंगमंचावर घेऊ नये, एवढा नियम सूत्रधाराने सुरुवातीलाच मोठ्याने सांगावा आणि त्याला बाजूला नेण्यासाठी त्याच्याच वाडीतील दोन माणसे आधीच नेमून ठेवावीत. शुद्धीतला माणूस नवऱ्याची बाजू घेऊन उठला तर मात्र त्याला अवश्य येऊ द्या. त्याने आपले म्हणणे करून दाखवावे, आणि मग सूत्रधाराने प्रेक्षकांना विचारावे की या प्रसंगानंतर त्या घरातली मुले कुठे झोपली असतील. उत्तर देण्याची घाई करू नये, लोकांना बोलू द्यावे. तालमीच्या वेळी मी दापोलीस येऊ शकेन. पौष संपण्याच्या सुमारास कळवा.